अंगावरून पांढरं जातं तेव्हा

सोलापुरात ही तक्रार चार भाषांत सांगितली जाते. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या तेलुगू बाईच्या तोंडी ती 'तेल्ल बट्ट' असते, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी बाई 'बिळी' जातं म्हणते, दखनी बोलणारी 'सफेद पानी' म्हणते आणि मराठी बाई म्हणते, अंगावरून पांढरं जातंय. जुन्या बायकांत 'धुपणी' हा शब्द अजून टिकून आहे. भाषा कोणतीही असली तरी ही तक्रार सहसा पहिली येत नाही. आधी कंबर धरते, चक्कर येते, हातापायांत जीव राहत नाही, असं सगळं सांगून होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली की मग हे वाक्य हळूच बाहेर पडतं. पुष्कळदा तेही सोबत आलेली जाऊ किंवा आशाताई बोलते.

हे पुस्तक त्या वाक्याच्या पुढचं आहे. पांढरं जाणं ही तक्रार आहे, रोगाचं नाव नाही. तिच्यामागे काहीही आजार नसू शकतो. बुरशी असू शकते, शरीरसंबंधातून आलेला संसर्ग असू शकतो, क्वचित गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोगही असू शकतो. पण जननक्षम वयात सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे योनिमार्गातल्या जिवाणूंचा बिघडलेला तोल. वैद्यकात त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयातल्या दर शंभर स्त्रियांपैकी २३ ते २९ जणींत तो आढळतो. इतक्या सर्रास होणाऱ्या गोष्टीचं नाव घरात कुणालाच माहीत नसावं, हे मनाला लागतं.

योनिमार्ग निर्जंतुक नसतो, तसा तो असूही नये. निरोगी अवस्थेत तिथे लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंचं राज्य असतं. दूध विरजणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, त्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच ३.८ ते ४.५ च्या दरम्यान राहतो. एवढ्या आंबट जागी बाहेरच्या बहुतेक जंतूंचा टिकाव लागत नाही. काही कारणाने लॅक्टोबॅसिलस कमी झाले की पीएच वर सरकतो आणि एरवी मूठभर असणारे गार्डनेरेला, प्रिव्होटेला, मोबिलुंकस यांसारखे जिवाणू शेकडो पटींनी वाढतात. त्यांच्या चयापचयातून अमाइन नावाची रसायनं निघतात. माशांसारखा येणारा वास हा या अमाइनांचा. वीर्य आणि मासिक पाळीचं रक्त दोन्ही आम्लारी असल्याने अमाइनं हवेत उडू लागतात, म्हणून हा वास संबंधानंतर आणि पाळीच्या दिवसांत जास्त जाणवतो. कित्येक बायका या वासाचा अर्थ स्वतःच्या अस्वच्छतेशी लावतात आणि आतून साबण, तुरटीचं पाणी, जंतुनाशक द्रावण असं काही ना काही वापरू लागतात. आतून धुतल्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. वास घालवायचा उपायच वास वाढवतो, हे कळायला रसायनशास्त्राची एवढी ओळख पुरते.

मग ओळखायचं कसं? जिवाणूंचा तोल बिघडला असेल तर स्राव पातळ, सगळीकडे सारखा पसरलेला, राखाडी किंवा मळकट पांढरा असतो. वास येतो. खाज मात्र बहुधा नसते किंवा किरकोळ असते. बुरशीचा, म्हणजे कॅन्डिडाचा संसर्ग असला तर उलट चित्र दिसतं. स्राव घट्ट, फुटलेल्या दह्याच्या गुठळ्यांसारखा, वास जवळपास नाही, पण खाज आणि आग इतकी की झोप लागू नये. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात स्राव पिवळट-हिरवट आणि फेसाळ असू शकतो, लघवीला जळजळ होते. आणि पाळीच्या साधारण मध्यावर येणारा, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार धरणारा स्राव हा तर बीजकोशातून बीज सुटत असल्याचा संकेत. तो आजार नाही. गरोदरपणातही स्राव वाढतो. पांढरं गेलं की हाडं झिजतात, शरीरातलं सत्त्व वाहून जातं, ही समजूत महाराष्ट्रभर पसरलेली आहे. तिला शरीरशास्त्रात आधार नाही, पण तिने घातलेली भीती खरी असते आणि पुस्तकाने ती झटकून टाकलेली नाही.

हे वर्णन वाचून कुणालाही वाटेल की आता घरीच निदान करता येईल. ते होत नाही. ज्यांच्यात जिवाणूंचा तोल बिघडलेला असतो त्यांतल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना काहीही जाणवत नाही, आणि ज्यांना जाणवतं त्यांच्यात दोन-दोन कारणं एकत्र असू शकतात. लक्षण ओळखता आलं की तपासणी मागता येते. या पुस्तकाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे.

हे शास्त्र कसं घडलं, त्याची गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. स्रावाच्या तक्रारी अर्थात त्याहून कितीतरी जुन्या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचं वर्णन येतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हा विषय १८९२ मध्ये आला. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने निरोगी स्त्रियांच्या स्रावात लांबट दंडाकृती जिवाणू दाखवून दिले आणि आम्लतेशी त्यांचा संबंध जोडला. पुढची साठ वर्षं, जे या चौकटीत बसत नाही त्याला 'अनिश्चित कारणाचा दाह' म्हणून बाजूला ठेवलं जात होतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथे हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी जाहीर केलं की या तक्रारीमागचा जंतू सापडला आहे. त्याला आधी हिमोफिलस म्हटलं गेलं, १९८० मध्ये गार्डनरच्या नावावरून गार्डनेरेला हे नाव पडलं.

त्यांचा एक प्रयोग आजच्या नीतिनियमांत मुळीच बसणार नाही. त्यांनी निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात हे जिवाणू सोडले. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवलेला जंतू १३ जणींना दिला, तेव्हा फक्त एकीला त्रास झाला. रुग्ण स्त्रीचा स्रावच जसाच्या तसा १५ जणींना दिला, तेव्हा ११ जणींना झाला. एकच जंतू दोषी असता तर पहिल्या गटातही असंच व्हायला हवं होतं. या आकड्यांतच पुढच्या सगळ्या वादाचं बीज होतं. एक पक्ष गार्डनेरेलाला मुख्य आरोपी मानत राहिला. दुसऱ्याने म्हटलं, हा एका जंतूचा रोग नाही, सगळी वस्तीच बदलते. आज दुसरं मत बळकट झालं असलं तरी पहिलं पूर्ण हरलेलं नाही. गार्डनेरेला योनीच्या अस्तरावर चिकट थर धरतो आणि त्या थरात इतर जिवाणू आसरा घेतात, असं २००५ नंतरच्या संशोधनाने दाखवलं. गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटून पुन्हा त्रास का उद्भवतो, याचं एक कारण हा थर आहे.

दरम्यान निदानाच्या दोन रीती रूढ झाल्या. सिएटलच्या अॅम्सेल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चार खुणा सांगितल्या. सारखा पसरलेला पातळ स्राव, ४.५ हून जास्त पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा मासळीचा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी कडा झाकून टाकलेल्या पेशी. चारांपैकी तीन खुणा भरल्या की निदान पक्कं. १९९१ मध्ये आलेली न्यूजंट पद्धत रंगवलेल्या काचपट्टीवर जिवाणूंचे प्रकार मोजून शून्य ते दहा गुण देते. सात आणि त्यापुढे आजार. ही यादी वाचताना एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. यातलं काहीही महागडं नाही. पीएचची पट्टी, रसायनाचा एक थेंब, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक. हिवताप आणि क्षयाच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतोच.

तिसरी पिढी जनुकांची. बॉल्टिमोरचे जाक राव्हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३९६ अमेरिकी स्त्रियांच्या नमुन्यांतली जिवाणूंची जनुकं वाचून योनीतल्या वस्त्यांचे पाच प्रकार सांगितले. चार प्रकारांत लॅक्टोबॅसिलसच्या निरनिराळ्या जाती वरचढ होत्या. पाचव्यात मात्र लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व नव्हतं, आणि तरीही त्या गटातल्या बायकांची काहीच तक्रार नव्हती. अशा बायका एकंदर सुमारे चौथाई भरल्या. निरोगी कशाला म्हणायचं, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे. भारतीय स्त्रियांपुरतं त्याचं उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही.

महाराष्ट्राने या विषयात जगाला दिलेली गोष्ट निराळी आणि फार मोठी आहे. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी करणारे डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या आरोग्यधोरणाला हादरा बसला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी तीनहून जास्त. त्यांतला निम्मा भार प्रजननमार्गाच्या संसर्गांचा. तक्रार मात्र ५५ टक्क्यांचीच होती, आणि आयुष्यात पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेपुरतं आणि बाळंतपणापुरतं बाईकडे पाहणाऱ्या व्यवस्थेला हा आरसा होता. राणी बंग यांनी पुढे गावच्या बायकांकडून त्यांची स्वतःची आजारांची भाषा समजून घेतली. 'कानोसा' हे त्यांचं पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे.

गोव्यात सोळा वर्षांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या दिशेने पाहिलं गेलं. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या जवळपास अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. पांढरं जाण्याची तक्रार आणि प्रयोगशाळेत सापडणारा संसर्ग यांचा मेळ अगदीच क्षीण निघाला. तक्रारीशी घट्ट जोडलेली गोष्ट होती मनाचा त्रास: नैराश्य, चिंता, घरातली ओढाताण. गडचिरोली सांगते की आजार आहे आणि बाई बोलत नाही. गोवा सांगतो की बाई बोलते आहे आणि जंतू नाही. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडून काढत नाहीत. दोन्हींतून एकच निघतं: बाईच्या शब्दांवरून थेट गोळीकडे जाता येत नाही, मध्ये कुणीतरी तिला नीट ऐकलं पाहिजे आणि नीट तपासलं पाहिजे.

सरकारी पद्धतीत मात्र तक्रारीवरून गोळी हाच मार्ग बराच काळ रुळला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये आणि सरकारी दवाखान्यांत रंगीत औषधसंच मोफत मिळतात. योनिस्रावासाठी असतो तो हिरवा संच. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, म्हणजे जिवाणू, परजीवी आणि बुरशी तिन्हींवर एकाच वेळी मारा. जिथे प्रयोगशाळा नाही, रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे या पद्धतीने असंख्य बायकांना आराम पडला आहे. तिला नावं ठेवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. तरी गोव्याचा अभ्यास समोर ठेवला की प्रश्न राहतोच. ज्या बाईला संसर्ग नव्हता तिला गोळ्या मिळाल्या. तिचं ऐकलं कुणी?

याहून कितीतरी भीषण किंमत ऊसतोड करणाऱ्या बायकांनी मोजली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या फडावर दर हंगामात बीड, धाराशिवकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पालावर ना संडास ना न्हाणी, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर चढवायच्या. बीड जिल्ह्यातल्या अशा बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींत एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. यातल्या अनेकींची मूळ तक्रार होती पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त जाणं. पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, असं सांगून ती काढली गेली. जिवाणूंचा तोल बिघडतो तो योनिमार्गात. गर्भाशय काढून तो सुधारण्याचं काहीच कारण नाही. सोबत बीजकोश काढले असतील तर इस्ट्रोजेन संपतं, पीएच आणखी चढतो, कोरडेपणा आणि आग सुरू होते, आणि तिशीतल्या बाईची हाडं म्हातारपणाच्या वाटेला लागतात. एका पीएच पट्टीने आणि आठवड्याच्या गोळ्यांनी सुटण्याजोगी तक्रार असताना एखादी जन्माची अधू होत असेल, तर त्याबद्दल शांतपणे लिहिता येत नाही.

कर्करोगाची ही भीती जिथे विकली गेली, तिथून जवळच तिला खरं उत्तरही शोधलं गेलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसह शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी कार्यक्रमांचा आधार ठरला. त्या अभ्यासातल्या एका गटाला तपासणी न देता नेहमीच्याच सोयींवर ठेवलं, यावर पुढे कडक टीकाही झाली आणि ती रास्त होती. पण गावोगावच्या बायका तपासणीला तयार होत नाहीत, ही सबब बार्शीने कायमची मोडीत काढली. नीट समजावलं, बाई तपासायला बाई असली, आडोसा असला, की त्या येतात.

आज या पुस्तकाची गरज का, याची आणखीही कारणं आहेत. गरोदरपणात हा तोल बिघडलेला असला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो, एचआयव्हीची लागण होणंही सोपं जातं. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मेट्रोनिडाझोलच्या दोन-चार गोळ्या घेऊन बरं वाटलं की थांबायचं, ही सवय शहरात आणि खेड्यात सारखीच. ठरलेला कोर्स बहुधा सात दिवसांचा असतो. योग्य उपचारांनंतरही निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात पुन्हा त्रास होतो, हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला बाई डॉक्टरच बदलते किंवा खचून जाते. बाजारात 'इंटिमेट वॉश'च्या बाटल्या आल्या आहेत आणि त्यांच्या जाहिराती पुन्हा तीच वासाची शरम विकतात. शिवाय पाणी. सोलापूर शहरात उजनीचं पाणी वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांच्या अंतराने येत आलं. पाळीची कापडं धुऊन उन्हात वाळवा, हा सल्ला देणाऱ्याने इथल्या चाळींतली पिंपं आणि दोरीवर उघड्यावर कापड घालण्याचा संकोच, दोन्ही पाहिलेले असावेत.

मराठीत शरीराबद्दल उघड लिहिण्याची वाट र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढून पाडली आणि खटले सोसत १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत ती सोडली नाही. हे पुस्तक त्या वाटेवरचं आहे, पण त्याचा वाचक वेगळा आहे. गटात बसून एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, अशा बेताने ते लिहिलेलं आहे; विडी कारखान्याच्या ब्रँचवर, बचतगटात, फडावरच्या पालात. म्हणून वाक्यं छोटी आहेत आणि बायकांचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. औषधांची मात्रा त्यात मुद्दाम दिलेली नाही. त्याऐवजी डॉक्टरांना काय सांगायचं ते आहे: स्रावाचा रंग आणि घट्टपणा, वास कधी वाढतो, खाज आहे का, पाळी कधी आली होती, दिवस गेले आहेत का, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या. काय मागायचं तेही आहे. आणि कोणत्या लक्षणाला एक दिवसही थांबायचं नाही, हे स्वतंत्रपणे सांगितलं आहे: ताप आणि ओटीपोटात कळ, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, गरोदरपणात अचानक पाण्यासारखा स्राव.

एक भाग पुरुषांसाठी आहे, आणि तो अनेक घरांत वादाचा ठरेल. जिवाणूंचा तोल बिघडणं हा रूढ अर्थाने गुप्तरोग नाही. तो झाला म्हणून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेण्याचं कारण नाही. पण पुरुषाचा त्याच्याशी संबंधच नाही, हा समजही आता टिकत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत काही जोडप्यांत फक्त स्त्रीला आणि काहींत दोघांनाही औषध दिलं. बारा आठवड्यांत त्रास परतण्याचं प्रमाण पहिल्या गटात शंभरात ६३ होतं, दुसऱ्यात ३५. वारंवार गोळ्या घेऊनही गुण येत नसलेल्या बाईने पुढच्या खेपेला नवऱ्याला दवाखान्यात सोबत न्यावं, आणि त्याने जावं, असं या भागात कसलीही भीड न ठेवता लिहिलं आहे.